तुझ्या आजीची दोन आजारपणं

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, ६ जानेवारी १९४६

प्रिय सुनंदा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी पोचलं. मधले तीन दिवस मी ते रोज दुपारी, मागचं आवरून झालं की, काढून वाचते आहे. तू लिहिलंस की आजीचं आयुष्य मला पहिल्यापासून नीट लिहून पाठव, म्हणजे माझ्यापाशी राहील. 'मी तिला आजी म्हणूनच ओळखलं, त्याआधी ती कोण होती ते तुलाच ठाऊक,' असंही लिहिलंस. खरं आहे. ते ठाऊक असलेलं माणूस आता मीच एक उरले. तुझे बाबा गच्चीवर उन्हात बसले आहेत, खाली कोणी नाही, म्हणून लिहायला घेतलं. यातलं सगळंच तुला आवडेल असं नाही. पण तू पहिल्यापासून म्हणालीस, तर पहिल्यापासून लिहिते.

माझे वडील दरबारच्या महसूल खात्यात लेखनिक होते. लश्करात प्लेग आला त्या वर्षी ते गेले. मी अकरा महिन्यांची होते आणि आई बावीस वर्षांची. तिला लाल आलवण नेसवलं आणि काकांच्या स्वयंपाकघरात बसवलं. तिथे ती नऊ वर्षं राबली, तोंडातून अक्षर न काढता. मग काकांनी माझं लग्न ठरवलं, भेलशाच्या एका बिजवराशी. त्याची मोठी मुलगी माझ्याहून थोराड होती. आई काकांच्या समोर कधी उभी राहिलेली नव्हती. त्या दिवशी ती माजघराच्या दारात आली आणि म्हणाली, "भावोजी, पोरीला मी विहिरीत ढकलीन, पण त्या माणसाला देणार नाही." काकांनी तिला पुन्हा विचारलंही नाही, लग्नाची तयारी चालूच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पत्र्याची ट्रंक, पोळपाट-लाटणं आणि मी, एवढं घेऊन ती बाहेर पडली. हे आपलं घर आपण खूप पुढे घेतलं, पण याची मागची कोठरी, जिथे आता बाबांची सायकल असते, ती तेव्हा तिने भाड्याने घेतली. टोपी बाजारातल्या एका दुकानाला पापड आणि कुरडया करून द्यायची, सणावारी एका सरदारांच्या घरी स्वयंपाकाला जायची. मला शाळेत घातलं. मला पोचवायला यायची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली वाती वळत बसून राहायची, कारण दाना ओलीतली टवाळ पोरं गल्लीत मला हाका मारीत. ओलीतल्या बायका तिला ऐकू जाईल अशा म्हणायच्या की विधवेची पोर शिकून काय सुभेदार होणार आहे. आईला अक्षरओळख नव्हती. तरी संध्याकाळी धडा मोठ्याने वाचायला लावायची आणि मी अडखळले की म्हणायची, "हे परत वाच, इथे तुला कळलेलं नाही." आणि मला खरोखर तिथे कळलेलं नसायचं.

हे मी तुला मुद्दाम सांगते आहे. अशा आईवर माझा किती विश्वास असेल ते तुझ्या लक्षात यावं म्हणून.

सतराव्या वर्षी शाळेच्या मुख्य बाईंनी माझी पुण्याला बायकांच्या कॉलेजात शिक्षिका होण्यासाठी सोय केली. दोन वर्षांचा अभ्यास, राहायला तिथेच. आईने एका शब्दाने अडवलं नाही. स्टेशनवर आली, बायकांच्या डब्यात मला बसवलं, शेजारच्या बाईला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली. पुण्याची ती पावणेदोन वर्षं मी तुला कधी सांगितली नाहीत. तू विचारलंस तेव्हा 'थोडे दिवस होते तिकडे' एवढंच म्हटलं. सुनंदा, मी तिथे फार सुखात होते. वर्गात मुलांना शिकवायचा सराव असायचा तेव्हा आमच्या बाई मागच्या बाकावर बसत आणि एकदा तास संपल्यावर मला म्हणाल्या, "वनमाला, तुला हे येतं." एवढंच. मी ते शब्द घेऊन महिनाभर हिंडत होते. शेवटच्या परीक्षेला दोन महिने होते तेव्हा त्यांनीच मला अकोल्याच्या मुलींच्या शाळेत जागा मिळवून दिली. मी आईला पत्र लिहिलं. तिला ते शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं असणार. मी लिहिलं होतं की परीक्षा झाली की तुला न्यायला येते, अकोल्याला शाळेमागेच दोन खोल्यांचं घर मिळणार आहे, आता तुला कुणाकडे स्वयंपाकाला जायला नको. उत्तर म्हणून तार आली. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ.

त्या प्रवासात मी काय काय बोलले देवाला, ते आता लिहीत नाही. घरी पोचले तर आई अंथरुणावर, डोक्याला फडकं बांधलेलं, आवाज अगदी खोल गेलेला. वैद्य मुकुंदराव उशाशी बसले होते. त्यांनी नाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. आईने माझा हात धरून सांगितलं की एक स्थळ आलं आहे, मुलगा दरबारात नोकरीला आहे, मुलीच्या शिक्षणाला त्यांची ना नाही, तुझ्या डोक्यावर अक्षता पडलेल्या पाहिल्या की मी सुखाने डोळे मिटीन. मी म्हटलं, परीक्षा. ती म्हणाली, "लग्न झाल्यावर जा ना परीक्षेला, कोण अडवतं आहे." नवव्या दिवशी माझं लग्न लागलं. आईला दोघींनी धरून मांडवात आणून बसवलं होतं. परीक्षेचं म्हणशील तर माझे सासरे, देव त्यांना शांती देवो, ते ऐकून फक्त हसले. तुझे बाबा तेव्हा वडिलांपुढे बोलत नसत. तीन महिन्यांनी पुण्याहून माझी पुस्तकांची पेटी मालगाडीने आली, ती मी उघडली नाही.

त्या वर्षी दिवाळीला मला माहेरी न्यायला काकांचा मुलगा, त्या घरातला आमच्याकडे येणारा तेवढाच एक, येणार होता. मी एक दिवस आधीच टाँग्याने गेले. आई लुगड्याचा काचा मारून, लाकडी खोक्यावर उभी राहून कोठरीची भिंत चुन्याने रंगवत होती. मला आनंदच झाला. बरी झाली, देवाने ऐकलं, असंच मला वाटलं. मी इतकी भोळी होते. पुढे चैत्रात हळदीकुंकवाला वैद्यांच्या बायकोकडे गेले तेव्हा त्यांनी चार बायकांत हसत हसत सांगितलं, "तुझ्या आईने आमच्या ह्यांना चांगलं कामाला लावलं होतं बाई. पडून पडून कंटाळायची, मग दुपारी तू बाहेर गेलीस की कोठरीचं दार लावून पापड लाटत बसायची. तू यायच्या आदल्या दिवशीसुद्धा शंभर लाटले होते." बायका हसल्या. मीही हसले असेन. हातातली भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी तशीच तिथे ठेवून मी सरळ आईकडे गेले.

ती तांदूळ निवडत होती. मी विचारल्यावर तिने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, "हो, खोटं बोलले. तू नुसतं बोलावून आली नसतीस." मी म्हटलं, मी तुला न्यायला येणारच होते. ती म्हणाली, "आणि अकोल्याला येऊन मी काय केलं असतं? मुलीच्या कमाईवर बसून खाल्लं असतं? मी मेल्यावर तुला कोण होतं तिथे? ना बाप, ना भाऊ. असं स्थळ पुन्हा आलं नसतं." मग तांदळातला खडा बाजूला टाकत तिने विचारलं, "वाईट काय झालं ते सांग मला." तुझे बाबा भले गृहस्थ, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आजही नाही. घरात खायला-प्यायला होतं. कोणी मारत नव्हतं. मी काय सांगणार होते? काकांनी मला विकायला काढलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं, त्यांच्याकडून मी काही धरून चाललेच नव्हते. ज्या बाईने माझ्यासाठी काकांचं घर सोडलं, तिनेच दार लावून पापड लाटले, हे मला आजवर गिळता आलेलं नाही. वर्षभर मी तिच्याकडे गेले नाही. ती मात्र दर एकादशीला येऊन, उंबऱ्याच्या आत न येता, माझी विचारपूस करून जायची.

मग तू झालीस, आठव्या महिन्यात. सुईणीने तुला बाजूला ठेवून दिलं होतं. आईने तुला उचललं, कापसात गुंडाळलं, सुपात घातलं आणि सुपाच्या दोन्ही बाजूंना अंगीठ्या ठेवून एकवीस दिवस तुझ्याजवळ बसली. कापसाच्या बोळ्याने थेंबथेंब दूध तुझ्या तोंडात सोडायची. निखारा विझू नये म्हणून बसल्या जागी डुलक्या घ्यायची. तिच्या उजव्या हातावरचा तो मोठा डाग, जो तू लहानपणी 'आजीचा चंद्र' म्हणायचीस, तो तेव्हा अंगीठीवर हात पडून झालेला. त्यानंतर ती आपल्याकडेच राहिली. तुला विषमज्वर झाला तेव्हा तिने सोळा दिवस अन्न घेतलं नाही. तुझे केस विंचरणं, तुला शाळेत पोचवणं, तुझ्यासाठी भांडणं, सगळं तिचंच. माझ्या वाट्याला तू उरायचीस तेव्हा झोपलेली असायचीस. मी तक्रार करत नाही. त्या बाईने तुला जगवलं हे मी कसं विसरेन? आणि तू डॉक्टरकीला दिल्लीला जायचं म्हणालीस तेव्हा बाबा नाही म्हणाले आणि मी गप्प बसले, हे तुझ्या लक्षात असेल. आजी दोन दिवस न जेवता दारात बसून राहिली आणि बाबांना म्हणाली, "जावईबापू, तिला जाऊ द्या. तिला डोकं आहे." तू तिच्या गळ्यात पडलीस. मी तेव्हा पोळ्या करत होते. तू गेलीस याचा मला तुझ्याइतकाच आनंद झाला, खोटं नाही सांगत, पण पोळी तव्यावर जळेपर्यंत मला कळलं नाही. जे मला दिलं नाही ते ती तुला देत होती आणि माझ्याकडे तिने एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही.

म्हणून तर गेल्या दसऱ्यापासून तिने सूर बदलला तेव्हा मी सावध झाले. आता तिसरं वर्ष झालं, शिकली तेवढी पुरे, मी आहे तोवर हिचं बघून टाका, असं ती म्हणू लागली. एक दिवस मी न्हाणीघरातून ऐकलं. ती बाबांना सांगत होती, "लग्नाचं म्हटलं तर येणार नाही ती. मी आजारी आहे म्हणून कळवा, धावत येईल." बाबा हसले आणि ऑफिसला गेले. मी ओल्या केसांनी तशीच उभी राहिले.

मी तुला लिहिलं की आजी एकाएकी गेली, कळवायलाही वेळ मिळाला नाही, आता घाईने येऊ नकोस, संक्रांतीला ये. ते खरं नाही. ती पाच दिवस अंथरुणावर होती. बाबा दौऱ्यावर शिवपुरीला गेले होते. रविवारी सकाळी तिने छातीत दुखतं म्हटलं आणि अंथरूण धरलं. मुकुंदराव आले, आता त्यांना दोन माणसांनी धरून आणावं लागतं. त्यांनी नाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. तीच मान, सुनंदा, तेवीस वर्षांपूर्वी हलवली तशीच. आई म्हणाली, "सुनंदाला तार कर." मी बाहेर येऊन भांडी घासायला बसले. मी तार केली नाही. तिने सोमवारी परत विचारलं, मंगळवारी दोनदा विचारलं. तिचे पाय सुजले होते, उताणं निजवेना, श्वास लागायचा. तू असतीस तर पाहता क्षणी तुला कळलं असतं. मलाही दिसत होतं. पण दर वेळी मला ते बंद दार आठवे आणि मी स्वतःला म्हणे की या वेळी नाही, माझ्या मुलीला नाही. ती झोपली की मी दाराशी जाऊन कान देऊन ऐकायची, ती उठून बसते का म्हणून. गुरुवारी पहाटे गेली. चुलतभावाने अग्नी दिला. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीने पोचले.

चौथ्या दिवशी, रविवारी, दारात टाँगा उभा राहिला. उज्जैनचे एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि करंडीभर संत्री. टाँगेवाला ओरडून सांगत होता, "बाईजी, मेहमान आए हैं." ते मुलगी पाहायला आले होते. आपल्याकडे सुतक आहे हे कळल्यावर बिचारे ओशाळले, आणि त्या गृहस्थांनी खिशातून पत्र काढून माझ्या हातात दिलं. आजीने मास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्यात होतं, 'नात नाताळच्या आदल्या रविवारी घरी असेल, तेव्हा यावे.' पत्रावर तारीख होती ती आजी आजारी पडायच्या पंधरा दिवस आधीची. मी ते दारातच उभं राहून वाचलं आणि मला आनंद झाला. आई जाऊन तीन दिवस झाले होते आणि मला आनंद झाला की माझा संशय खरा होता. त्या बाईंना मी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते गेल्यावर मी कोठरीत सायकलपाशी बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिने डाव रचला होता तो खरा, आणि ती आजारी पडली तेही खरं. ठरवलेल्या दिवसाच्या आधी तिला खरंच मरण आलं. शेवटचे पाच दिवस ती तुला लग्नासाठी बोलावत होती की फक्त पाहायला, हे मला कधी कळणार नाही, कारण मी विचारलंच नाही.

तू पत्रात लिहिलंस की आजी झटकन गेली हे एका अर्थी बरं झालं, तिला माझी वाट पाहावी लागली नाही. रोज दुपारी तुझं पत्र काढते ती या एका वाक्यासाठी. तिने वाट पाहिली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "केलीस का तार?" आणि मी म्हटलं, "केली." पाचही दिवस ती स्टेशनवरून येणाऱ्या प्रत्येक टाँग्याचा आवाज ऐकून मान उचलायची आणि मी म्हणायची, तिची परीक्षा आहे, पुढच्या गाडीने येईल. बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, "नाही यायची ती. कामात असेल पोर. रागावू नकोस तिला." तुला बोलावलं आणि तू आली नाहीस, असं समजून ती गेली. बाबांनाही मी हेच सांगितलं की तार केली होती. म्हणून त्यांनी तुला एक ओळ लिहिलेली नाही, म्हणून तेराव्याला सगळे तुझं नाव काढून गप्प होत होते. तू संक्रांतीला चार दिवस येते आहेस. यंदा आपल्याकडे सण नाही, पण ये. तू दारात पाऊल ठेवलंस की बाबा विचारतील, का आली नाहीस, आणि तू माझ्याकडे पाहशील. ते तिथे, त्यांच्यासमोर तुला कळण्याआधी माझ्या हातून कळावं म्हणून हे लिहिलं. आईने मला फसवलं ते तिने विचारल्यावर कबूल तरी केलं होतं. मी तर तिलाही फसवलं, तुलाही, आणि तिला सांगायची संधी मला आता नाही. हे पत्र पेटीत टाकून आले की गच्चीवर जाऊन बाबांना सांगणार आहे. तू मला काय वाटेल ते लिही, किंवा लिहू नकोस. पण तू येणार आहेस की नाही एवढं मात्र बाबांना कळव.

तुझीच,
आई